शुक्रवारची मोजणी

दत्ता,

तुझ्या शर्टाची दोनच बटणं लावलेली होती. वरची दोन. तू बटणं वरून लावायचास, मी खालून, आणि त्यावरूनसुद्धा आपण एकदा अंबरनाथ स्टेशनच्या पुलावर उभं राहून भांडलो होतो. सोमवारी सकाळी साडेसातला वहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे उठत नाहीत," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, झोपू दे की त्याला. त्या म्हणाल्या, "झोपलेले नाहीत. दूध आणायला निघाले होते. शर्ट घालत होते."

मी चिखलोलीला पोचलो तेव्हा तुला पलंगावर ठेवलं होतं. डॉक्टर येऊन गेले होते. टेबलावर तुझं घड्याळ होतं आणि त्याच्या पट्ट्यात बसचं तिकीट घडी करून खोचलेलं होतं, शनिवारचं. आदल्या संध्याकाळी तूच फोन केला होतास. चष्म्याची काडी तुटली, उल्हासनगरला कॅम्प तीनला जाऊ, दहाच्या बसने. मी म्हटलं होतं, रिक्षाने जाऊ. तू म्हणालास, "रिक्षात बसलास की बसचा एक माणूस कमी होतो, विष्ण्या. तुना कळत नाय."

दहाची बस सव्वादहाला गेली. तुझ्या खिडकीतून दिसली. खोलीत बायका बसल्या होत्या, कोणीतरी उदबत्ती शोधत होतं, आणि मी तिसऱ्या मजल्यावरून त्या बसच्या टपाकडे बघत होतो. आपण दोघं तिच्यात असायला हवं होतं. आज बुधवार आहे आणि माझं मन अजून त्या सव्वादहाशीच उभं आहे.

मी रडलो नाही. लोकांना वाटलं, म्हातारा धीराचा आहे. धीर कसला? मला काही समजतच नव्हतं. संध्याकाळी स्मशानात तुझ्या कारखान्यातला गायकवाड माझ्याजवळ आला. गायकवाड म्हणजे तूच हाताखाली तयार केलेला फिटर, आता त्याचेही केस पांढरे झालेत. माझा हात दाबून तो हळूच म्हणाला, "काका, काळजी करू नका. तुमचं ते मी कुठं बोललो नाही. साहेबांना शेवटपर्यंत कळलं नाही."

तो मला धीर देत होता, दत्ता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.  तुला शेवटपर्यंत कळलं नाही, ही गोष्ट कोणीतरी मला दिलासा म्हणून सांगत होतं.

तेव्हा आता सांगतो. तुला ऐकू जात नाही हे ठाऊक असून सांगतो, कारण ऐकू जात होतं तेव्हा मी सात वर्षं गप्प बसलो.

तुझी मागणी काय होती हे आता नवीन लोकांना माहीतही नसेल. तू म्हणायचास, आपल्याकडे मुंबईला जायला गाडी आहे, बाजूच्या गावाला जायला नाही. बदलापूरहून चिखलोली, मग अंबरनाथची औद्योगिक वसाहत, मग उल्हासनगरचा कॅम्प तीन. रस्त्याच्या कडेने धावणारी, दोनतीन डब्यांची, सारखी येणारी हलकी रेल्वे. कारखान्यातले लोक, जीन्सच्या गाळ्यांत धागे कापणाऱ्या बायका, कॉलेजच्या पोरी, ही सगळी माणसं इथून इथेच जातात, त्यांच्याकडे कोणी बघतच नाही, असं तुझं म्हणणं. लोक तुला ट्रामवाला म्हणायचे. तुला ते आवडायचं. "नाव पडलं म्हणजे अर्धं काम झालं," म्हणायचास.

आणि मी विरोधात. जन्मभर परिवहनाच्या कामात काढलेला माणूस मी, मला वाटायचं यातलं मलाच कळतं. आपलं भांडण ठरलेलं असायचं. मी म्हणायचो, आधी बस भरून दाखव, मग रूळ टाक. तू म्हणायचास, तासाला एक बस, तीही येईल तर येईल, ती कोण भरणार? नळाला पाणी नसताना खाली किती हंडे लागलेत ते मोजून गावाची तहान कळते का? मी म्हणायचो, पाळी सुटते तेव्हा गर्दी, बाकी दिवसभर तुझी रेल्वे काय वारा वाहून नेणार? तू खिडकीतून हात करायचास. तिथे तुमचं भाताचं खाचर होतं आणि आता चार इमारती आहेत. "मना सांग, हे सगळं भरल्यावर रूळ कुठं टाकशील? गच्चीवर?"

वहिनी आतून ओरडायच्या, "ट्राम आली का? आली असेल तर जेवायला बसा."

मग ती मोजणी आली. मुंबईच्या एका सल्लागार कंपनीला काम मिळालं होतं. या पट्ट्यातल्या बसना पुरेसे प्रवासी असतील तरच हलक्या रेल्वेचा पुढचा अभ्यास करायचा, नाहीतर विषय बंद. कंपनीला इथली माहिती असलेला माणूस हवा होता. मी नुकताच निवृत्त झालो होतो, घरात बसून कंटाळलो होतो. त्यांचा तरुण अधिकारी मला 'सर' म्हणाला. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी सर म्हटलं नव्हतं. त्याने विचारलं, मोजणी कुठल्या दिवशी ठेवू? सर्वसाधारण कामाचा दिवस हवा. सोमवार नको, शनिवार-रविवार नको. मधला कुठलाही चालेल.

मी म्हटलं, शुक्रवार.

तू हे वाचत असतास तर इथेच थांबला असतास. इथल्या कुठल्याही माणसाने थांबावं. बाहेरच्याला सांगावं लागतं की आपल्याकडच्या कारखान्यांची आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असते. वीज पुरावी म्हणून प्रत्येक भागाला वेगळा वार, या हिशेबाने ती कधीकाळी ठरली आणि आपल्या अंगवळणी पडली. आपल्याकडची लग्नाची बोलणी शुक्रवारी, मटण शुक्रवारी, केस कापायचे शुक्रवारी. तुझ्या घरी तर रविवारी तू नसायचास आणि शुक्रवारी असायचास, तुझ्या मुलीला लहानपणी वाटायचं की कॅलेंडरच चुकीचं छापलंय.

मला हे माहीत नव्हतं असं म्हणायला तोंड नाही. पण खरं सांगतो, वार निवडताना माझ्या मनात कपट नव्हतं. मला मोजणारी माणसं हवी होती. प्रत्येक थांब्यावर दोन, हातात पाटी आणि तक्ता, चढले किती, उतरले किती, सकाळी सहा ते रात्री आठ. शाळकरी पोरांवर भरवसा नाही. मला लिहिता येणारी, जागची न हलणारी, ओळखीची माणसं हवी होती. अशी माणसं कुठे मिळणार? कारखान्यांत. आणि ती मोकळी कधी? शुक्रवारी. मी गायकवाडला फोन केला आणि अर्ध्या तासात माझी माणसं जमली. किती हुशारीने काम उरकलं म्हणून मी स्वतःवरच खूश झालो.

सकाळी साडेआठला मी औद्योगिक वसाहतीच्या फाट्यावर गेलो. गायकवाड कट्ट्यावर बसून होता. तक्ता जवळजवळ कोरा. मी म्हटलं, "काय रे, झोपलास काय?"

तो म्हणाला, "काका, एक विचारू का? रागावू नका. या बसने रोज आम्हीच जातो. आज आम्ही इथं पाटी घेऊन बसलोय. मग बसमध्ये कोण बसणार?"

आणि तो हसला. शेजारचा दुसराही हसला. त्यांना ती गंमत वाटली. ज्यांना मोजायचं होतं त्यांनाच मी मोजायला बसवलं होतं.

मीही हसलो, दत्ता. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

तिथून मी कॅम्प तीनला गेलो. अर्ध्या गाळ्यांची शटरं खाली. थांब्यासमोर एक सिंधी कापडवाला खुर्ची टाकून बसला होता. माझ्या हातातले कागद बघून म्हणाला, "साईं, क्या गिन रहे हो?" मी सांगितलं, बसची माणसं. तो म्हणाला, "आज? आज शुक्रवार है, साईं. आज तो मच्छर भी छुट्टी पे है. कल आओ, पाँव रखने को जगह नहीं मिलेगी." आणि त्याने मला लिंबू सरबत पाजलं.

दोन माणसांनी मला सांगितलं, तेही सकाळी अकराच्या आत. एक फोन पुरला असता. त्या तरुण अधिकाऱ्याला म्हणायचं, वार चुकला, मंगळवारी परत करू. मी फोन हातात घेतलाही. मग मनात आलं, तो म्हणेल, सर, तुम्ही इथलेच ना? आणि त्याच्या तोंडचा 'सर' पुढच्या वेळी येणार नाही. मी फोन खिशात ठेवला. स्वतःला समजावलं की अशी मोठी कंपनी एका दिवसावर थोडीच निर्णय घेते, ते काहीतरी वजाबाकी-बेरीज करतील.

एवढंच असतं तर मी याला चूक म्हटलं असतं. पण संध्याकाळी कोरे तक्ते गोळा करताना मला आनंदही होत होता. थोडासा, चोरटा. आकडा माझ्या बाजूने पडत होता. इतकी वर्षं तू मला खिडकीतली इमारत दाखवून गप्प करायचास. आता मी तुला कागद दाखवणार होतो. हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. बायको होती तोवर तिलाही नाही.

तक्ते घेताना गायकवाडला मी म्हटलं, "दत्ताला वाराचं काही बोलू नकोस. तो उगाच तमाशा करेल." गायकवाड म्हणाला, "बरं काका." मोठ्या माणसाने सांगितलं म्हणून त्याने ते सात वर्षं पाळलं.

अहवाल आला. त्यात 'सर्वसाधारण कामाच्या दिवशी केलेली मोजणी' असं लिहिलं होतं आणि खाली स्थानिक पर्यवेक्षक म्हणून माझी सही. पुढचा अभ्यास करण्याइतके प्रवासी नाहीत, असा निष्कर्ष. तारीख पहिल्याच पानावर होती. तू कॅलेंडर उघडून बघितलं असतंस तर मी तिथेच संपलो असतो. महिनाभर मी रोज तुझ्या फोनची वाट पाहत होतो. तू बघितलं नाहीस. का, ते मला वाचनालयाच्या सभेत कळलं.

अंबरनाथ पूर्वेच्या वाचनालयातली ती सभा. वरचा हॉल, पंखा किरकिरतोय, तुझ्या मागे कॅम्प तीनच्या पंधरावीस बायका येऊन बसलेल्या. त्यांच्या सह्या, अंगठे तूच गोळा केले होतेस, कोणी कुठून कुठे जातं, किती वेळ उभं राहतं, सगळं लिहून. मी अहवाल वाचून दाखवला. तू उठशील, ओरडशील, आगरी बोलीत माझ्या सात पिढ्यांची पूजा बांधशील, याची मी तयारी केली होती. उत्तरं पाठ केली होती.

तू उठलास. टेबलाला धरून उभा राहिलास. म्हणालास, "आकडे असे असतील तर मी मागणी मागे घेतो. मला वाटत होतं बस भरलेली असते. मी माझ्या पाळीच्या बसमधून जायचो, मला तीच सगळी वाटली असेल."

मागून कोणीतरी म्हणालं, "आकडे खोटे असतील, दत्ताभाऊ."

आणि तू हसलास. माझ्याकडे बोट केलंस. "मोजणारा हा आहे. शाळेत माझी हजेरी हाच लावायचा. मी शेतात लावणीला असायचो आणि हा मास्तरांसमोर 'हजर' म्हणायचा. नसलेल्याला हजर लावणारा माणूस हा, असलेल्यांना गैरहजर लावणार नाही."

हॉल हसला. मीही हसलो. दुसऱ्यांदा.

त्या बायका उठून गेल्या. त्यातली एक जिन्यात तुला म्हणाली, "मग आमच्या सह्या कशाला घेतल्या, भाऊ?"  मी तुझ्या मागच्याच पायरीवर होतो. त्यानंतर ट्रामवाला हे नाव लोक वेगळ्या तऱ्हेने घ्यायला लागले. चहाच्या टपरीवर म्हणायचे, "काय ट्रामवाले, आली का गाडी?" तू हसून म्हणायचास, "रद्द झाली." पण तू त्या टपरीवर बसायचं सोडलंस. लोक विसरले, मी विसरलो नाही. तू मात्र एकदाही मला टोमणा मारला नाहीस. उलट बसची वाट बघताना म्हणायचास, "तुझं बरोबर होतं रे. आधी बस भरली पाहिजे." म्हणून तू हट्टाने बसने जायचास. मला रिक्षात बसू द्यायचा नाहीस. माझ्या खोट्या आकड्यात रोज एका माणसाची भर घालत होतास.

मी सांगायचं ठरवलं नव्हतं असं नाही. दिवाळीत ठरवलं, तेव्हा तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. बायको गेली तेव्हा तू बारा दिवस माझ्याकडे येऊन राहिलास, माझ्यासाठी पोहे केलेस, खारट. त्या बाराव्या रात्री तर शब्द ओठापर्यंत आले होते. मग वाटलं, हा निघून गेला तर मी कोणाजवळ बसू? तुझी भीती नव्हती, एकटेपणाची होती. त्या भीतीने गप्प बसून बसून शेवटी तेच पदरात आलं.

सोमवारपासून मला झोप लागत नाही. आज सकाळी सहाला मी औद्योगिक वसाहतीच्या फाट्यावर जाऊन उभा राहिलो. बुधवार, सगळं चालू. जुना तक्ता आखला, पण एक रकाना वाढवला, जो तू तेव्हा मागत होतास आणि मी नको म्हटलं होतं. चढले किती, उतरले किती, आणि राहिले किती. तू म्हणायचास, थांब्यावर राहिलेला माणूस हाच खरा प्रवासी. पाळीच्या वेळेला पान भरून कागदाची मागची बाजू वापरावी लागली. दरवाजात लटकलेल्यांना मोजताना दोनदा चुकलो. राहिलेल्यांपैकी निम्मे रिक्षात कोंबले गेले, काही चालायला लागले. एक बाई म्हणाली, "बाबा, कसली मोजणी? आमच्याकडे ट्राम येणार होती म्हणे कधी." तिला मी ओळखलं नाही. ती जिन्यातली असेल का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

आणि एक गोष्ट, कारण आता खोटं तुझ्या बाजूनेही लिहायचं नाही. अकराची बस जवळजवळ रिकामी गेली. वाहक, चालक आणि टोपली घेतलेली एक कोळीण. म्हणजे आपलं भांडण अजून सुटलेलं नाही. एवढ्या गर्दीवर रूळ टाकावेत की नुसत्या बस वाढवाव्यात, मला खरंच ठाऊक नाही. कदाचित मंगळवारी मोजलं असतं तरी तुझी रेल्वे झाली नसती. पण ते भांडण तू हरला नव्हतास. ते झालंच नव्हतं. मी ते होऊ दिलं नाही आणि तू मला विजयी म्हणून मिरवलंस.

घरी येऊन मी पत्र लिहिलं. मोजणी कुठल्या वारी झाली, तो वार कोणी सुचवला, त्याच दिवशी चूक कळूनही कोण गप्प बसलं. एक प्रत कंपनीला, एक ज्या कार्यालयाने काम दिलं त्यांना. त्यातून काही होईल असं वाटत नाही. मग गायकवाडला फोन केला आणि म्हटलं, तू सात वर्षं जे बोलला नाहीस ते आता मी बोलणार आहे.

तो म्हणाला, "काका, आता कशाला? माणूस गेला. लोक तुम्हाला काय म्हणतील?"

मी म्हटलं, त्याला सात वर्षं जे म्हणत होते त्यापेक्षा कमीच म्हणतील.

वहिनींना काल सांगितलं. सगळं, तो चोरटा आनंदसुद्धा. त्या गहू निवडत होत्या. हात थांबला नाही त्यांचा. तसंच निवडत म्हणाल्या, "त्यांनी स्वतःच्या पैशांनी बसचे पास काढून दिले असते त्या बायकांना, एवढं लागलं होतं त्यांना ते." मग आत गेल्या आणि घड्याळ घेऊन आल्या. तिकीट पट्ट्यात तसंच होतं. "हे तुमच्याकडे राहू दे," म्हणाल्या. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. मी विचारलंही नाही.

घड्याळ समोर आहे. अजून चालतंय. मी हे लिहितोय आणि मधेच वाटतं, तुला फोन करून विचारावं, दत्ता, हे वाक्य बरोबर झालं का. हात फोनकडे जातो. तीन दिवसांत चार वेळा गेला.

तुझी शोकसभा त्याच वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आहे, संध्याकाळी पाच वाजता. दिवस गायकवाडने ठरवला. मी म्हटलं, रविवारी ठेव. तो म्हणाला, "रविवारी कोण येणार, काका? शुक्रवारीच ठेवतो. सगळ्यांना सुट्टी असते."

म्हणजे परवा तो हॉल भरेल. मोजणीच्या दिवशी बसमध्ये जे नव्हते ते सगळे तिथे बसलेले असतील. मला त्यांना फक्त दोन गोष्टी सांगायच्या आहेत. मोजणी कुठल्या वारी झाली, आणि तो वार निवडणाऱ्याचं नाव काय.

तुझा,
विष्णू